रिपोर्टातलं 'बीसीएल-२' आणि मुलाचं बरं होणं

लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरबद्दल मोबाइलवर एक बातमी निरनिराळ्या रूपांत फिरत असते: पेशी कशा मरतात हे मोजलं की उपचार लागू पडणार की नाही, ते म्हणे आधीच कळतं. नातेवाईक ती ग्रुपवर टाकतात, आणि ज्या घरात मूल आजारी आहे तिथले आई-बाप रात्री जागून आपल्या फाइलमध्ये बातमीतला 'बीसीएल-२' हा शब्द, म्हणजे पेशीला मरू न देणाऱ्या एका प्रथिनाचं नाव, शोधत बसतात. एखाद्याला तो सापडतोही. 'बीसीएल-२ पॉझिटिव्ह.'

मी इंदूरमध्ये पॅथॉलॉजीत काम करते. माझा दिवस मायक्रोस्कोपपाशी जातो, पेशंटशी बोलायचं काम वॉर्डातल्या डॉक्टरांचं. पण रामबागेतला नाहीतर देवासहून आलेला एखादा बाप खिडकीशी उभा राहतो, कागद पुढे करतो आणि विचारतो, "मॅडम, हे पॉझिटिव्ह म्हणजे वाईट का?" त्याला दोन वाक्यांत वाटेला लावणं मला जमत नाही. म्हणून सावकाश सांगते. त्या एका शब्दावरून मुलाचं पुढे काय होणार ते ठरत नाही. पण पेशी मरण्याचा विषय खरोखर महत्त्वाचा आहे, आणि तो आई-बापांना समजला तर उपचारातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी आजार

मुलांना होणाऱ्या सगळ्या कॅन्सरमध्ये ल्युकेमियाचं प्रमाण सर्वांत जास्त, आणि त्यातही अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल, सगळ्यांत जास्त. दोन ते पाच या वयात तो विशेष दिसतो. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात, बोन मॅरोत तयार होतं. तिथली एक कच्ची पांढरी पेशी बिघडते, तिची वाढ पुरी होत नाही आणि तिच्या नकला निघत राहतात. या कच्च्या पेशींना ब्लास्ट म्हणतात. मॅरोत त्यांचीच गर्दी झाली की चांगल्या रक्ताला जागा उरत नाही. मग मूल पांढरं फटक पडतं, ताप हटत नाही, अंगावर निळे डाग उठतात, पाय दुखतात म्हणून रडतं.

काचेवर मॅरोचा थेंब पसरून रंग दिला की हे ब्लास्ट ओळखू येतात. गोल, जांभळे, जवळजवळ सगळी पेशी केंद्रकानेच भरलेली, भोवती निळसर कड जेमतेम दिसेल एवढी. शेकडो, एकसारखे. आणि त्यांच्यात मधेच एखादी पेशी आकसलेली, तिचं केंद्रक फुटून चार-पाच गडद गोळ्या झालेल्या. ती पेशी मेलेली आहे. उपचार सुरू होण्याआधीच्या काचेवरही अशा काही दिसतात.

पेशीचं मरण दोन तऱ्हांचं

पावसाळ्याआधी आपली नगर निगम जुन्या इंदुरातल्या जर्जर घरांना नोटिसा लावते. ज्या वाड्याला वेळेवर नोटीस लागली आणि जो नीट उतरवला गेला, त्याची तुळई, कौलं, विटा क्रमाने खाली येतात, माल गाडीतून जातो, शेजारच्या भिंतीला चराही पडत नाही. ज्याच्याकडे कोणी पाहिलं नाही तो एका रात्री पावसात बसतो, आणि शेजाऱ्यालाही घेऊन बसतो.

पेशीचंही तसंच. मार लागून, रक्तपुरवठा तुटून पेशी फुटली तर आतला सगळा ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला सूज येते. दुसरं मरण नोटीस काढून, क्रमाने होणारं. पेशी आकसते, आपलाच डीएनए तुकडे तुकडे करते, आवरणासकट लहान पुड्या बांधते आणि शेजारच्या सफाई-पेशी त्या गिळून टाकतात. या दुसऱ्या मरणाला अपॉप्टोसिस म्हणतात. कर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली त्याला हे नाव दिलं. पुढे एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं, की त्याच्या शरीरात १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या बरोबर १३१ ठरल्या वेळी मरतात. कोणती पेशी मरणार हे त्याच्या जनुकांतच लिहिलेलं असतं. या संशोधनाला २००२ सालचं नोबेल मिळालं. आपल्या शरीरातही रोज अब्जावधी पेशी अशाच जातात. जायलाच हव्यात.

नोटीस आली, पण स्थगिती कोणी आणली?

पेशीत बिघाड झाला की तिला आतूनच नोटीस लागते. ती बजावणारी काही प्रथिनं आहेत, त्यांतल्या एकाचं नाव बीआयएम. प्रत्यक्ष पाडकाम करणारी प्रथिनं वेगळी, त्यांना कॅस्पेस म्हणतात. आणि या दोघांच्या मध्ये उभं राहून 'थांबा' म्हणणारं प्रथिन म्हणजे बीसीएल-२. कोर्टाची स्थगिती जशी, नोटीस भिंतीवर असूनही घर उभं ठेवते, तशी बीसीएल-२ बिघडलेली पेशी जगवते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बीसीएल-२ ही कॅन्सरची खूण नाही. तुमच्या-माझ्या रक्तातल्या निरोगी, पक्व लिम्फोसाइट पेशींतही ते असतं. नसतं तर त्या पेशी टिकल्याच नसत्या. तेव्हा रिपोर्टात 'पॉझिटिव्ह' लिहिलं याचा अर्थ एवढाच, की त्या पेशींत हे प्रथिन सापडलं.

आता औषधांकडे या. केमो पेशीला जाळून टाकते असा समज आहे, म्हणूनच लोक तिला घाबरतात. एएलएलची औषधं बहुतेक वेळा पेशीवर एवढं संकट आणतात की तिची तिलाच नोटीस काढावी लागते. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड पेशीत बीआयएम वाढवतं. व्हिन्क्रिस्टिन पेशी दुभागत असतानाच तिला अडकवून ठेवतं. अस्पॅराजिनेज रक्तातलं अस्पॅराजिन, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवायला लागणारा एक घटक, संपवतं. निरोगी पेशी ते स्वतः बनवू शकतात, ब्लास्टना ते फारसं जमत नाही, आणि त्यांची उपासमार होते. मेथोट्रेक्सेट नवा डीएनए बनू देत नाही. या शेवटच्या औषधाच्या घराण्याशी आपल्या देशाचं नातं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अक्यूट ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना याच घराण्यातलं अमिनोप्टेरिन दिलं आणि त्यांतल्या १० मुलांचा आजार काही काळ का होईना मागे हटला. तोवर या आजारावर काहीच चालत नव्हतं. ते औषध बनवणाऱ्या कंपनीत संशोधनाची धुरा होती आंध्रातल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. त्याच वर्षी ते वारले.

औषधं निरनिराळी, पण शेवटचं पाडकाम कॅस्पेसच करतात. म्हणून शास्त्रज्ञांना वाटलं, की मरण्याची ही व्यवस्था ज्या ब्लास्टमध्ये शाबूत आहे त्या मुलाला औषध लागू पडेल, आणि जिथे स्थगिती भक्कम आहे तिथे पडणार नाही. विचार अगदी रास्त होता. मार्करचा, म्हणजे हे आधीच सांगू शकेल अशा खुणेचा, शोध तिथून सुरू झाला.

मार्कर म्हणजे मोजतात काय?

तीन तऱ्हेच्या गोष्टी. एक, पेशीत मरण थोपवणारी आणि मरण आणणारी प्रथिनं किती आहेत: बीसीएल-२, बॅक्स, सर्व्हायव्हिन, पी-५३. दोन, पेशी प्रत्यक्ष मरायला लागली आहे का. निरोगी पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला एक स्निग्ध पदार्थ असतो. अपॉप्टोसिस सुरू झाला की तो बाहेरच्या बाजूला येतो आणि अनेक्सिन-५ नावाचं प्रथिन त्याला चिकटतं. अनेक्सिनला चमकणारा रंग लावून पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडल्या, की पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. त्यात दुसरा एक रंग मिसळतात, जो आवरण फाटलेल्या पेशीतच शिरतो. मग पडद्याचे चार चौकोन पडतात: खाली डावीकडे जिवंत पेशी, खाली उजवीकडे नुकत्या मरायला लागलेल्या, वर उजवीकडे पुऱ्या मेलेल्या. चौथ्या चौकोनात बहुतेक मोडतोडच असते. या तपासणीला फ्लो सायटोमेट्री म्हणतात.

तिसरी गोष्ट साध्या रक्ततपासणीतली, एलडीएच नावाचं विकर आणि युरिक अॅसिड. पेशी फुटल्या की ही वाढतात. शरीरात आजाराचा बोजा किती आणि पेशींची उलथापालथ किती, याचा त्यांवरून अंदाज येतो. तपासणी स्वस्त आहे आणि कुठेही होते.

"बीसीएल-२ जास्त आहे, मग मूल बरं होणार नाही का?"

असं म्हणता येत नाही. या प्रश्नावर जगभर अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. काहींना बीसीएल-२ जास्त असलेल्या मुलांत प्रतिसाद कमी दिसला, काहींना काहीच फरक दिसला नाही.

याला कारणं आहेत. स्थगिती आणणारं प्रथिन एकटं बीसीएल-२ नाही. एमसीएल-१ आहे, बीसीएल-एक्सएल आहे. एकाचं प्रमाण मोजून पेशी कोणाच्या आधारावर तगून आहे हे कळत नाही. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या काही ब्लास्ट एमसीएल-१ च्या जोरावर उभ्या असतात, तिथे बीसीएल-२ चा आकडा काय सांगणार?

दुसरं कारण मला रोजच्या कामातून ठाऊक आहे. ब्लास्ट पेशी मॅरोत भोवतालच्या पेशींच्या आधाराने जगतात. नळीत काढून घेतल्या की त्या आपोआप मरू लागतात. इंदूरहून नमुना कुरिअरने मुंबईला किंवा दिल्लीकडे जाईपर्यंत, त्यात एप्रिल-मेचा उन्हाळा, किती पेशी वाटेतच मेल्या असतील! तिथल्या यंत्रावर अनेक्सिनचा आकडा मोठा येतो, आणि तो औषधाचा गुण म्हणून वाचला जाऊ शकतो. त्याच नमुन्याची तपासणी दोन तासांत आणि दोन दिवसांनी केली तर उत्तरं वेगळी येतील. मग एका शहरातला अभ्यास दुसऱ्या शहरातल्या मुलाला जसाच्या तसा कसा लावायचा?

तरीही मूळ विचार चुकला नव्हता, याचा एक सुंदर पुरावा आहे. काही मुलांच्या ब्लास्टमध्ये ४६ ऐवजी पन्नासाहून जास्त गुणसूत्रं असतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण ही मुलं फार चांगली बरी होतात. प्रयोगशाळेत पाहिलं तर त्यांच्या ब्लास्ट इतरांपेक्षा लवकर मरणाकडे झुकतात. म्हणजे मरण्याची तयारी आणि बरं होणं यांचा संबंध आहेच. तो एका प्रथिनाच्या आकड्यात मावत नाही, एवढंच.

मग डॉक्टर कशावरून ठरवतात?

मुलाचं वय एक ते दहाच्या आत आहे का. निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी ५०,००० च्या खाली आहेत का. गुणसूत्रांतला बदल कोणता. आणि सर्वांत वजनदार गोष्ट: औषध दिल्यावर पेशी खरोखर मरतात का.

हे पाहायची जुनी रीत फार साधी आहे. सात दिवस स्टेरॉइड द्यायचं, पाठीतून मेथोट्रेक्सेटचं एक इंजेक्शन, आणि आठव्या दिवशी रक्तातले ब्लास्ट मोजायचे. एका मायक्रोलिटरमध्ये १,००० पेक्षा कमी असतील तर प्रतिसाद चांगला. दहांतल्या साधारण नऊ मुलांत तो चांगलाच असतो. यासाठी मायक्रोस्कोप आणि मन लावून मोजणारा माणूस पुरतो.

नवी रीत एमआरडी, म्हणजे उरलासुरला आजार मोजणं. पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा असतो. तो संपला की मॅरोत दहा हजार पेशींमागे एखादा ब्लास्ट उरला आहे का, हे फ्लो सायटोमेट्रीने किंवा जनुक-तपासणीने शोधतात. रेषा ठरली आहे ०.०१ टक्क्यावर. उपचाराचा जोर वाढवायचा की आहे तसाच ठेवायचा, हे आज जगभर आणि आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांतही मुख्यतः या आकड्यावर ठरतं.

माझ्या मते पेशीमृत्यूचा खरा मार्कर हाच. मरण्याची शक्यता मोजण्यापेक्षा मेल्यानंतर किती उरल्या ते मोजलं, तर बीसीएल-२, एमसीएल-१, पी-५३ आणि अजून न सापडलेली सगळी प्रथिनं, सगळ्यांची बेरीज-वजाबाकी त्या एका आकड्यात होऊन गेलेली असते.

"एमआरडी निगेटिव्ह आली, तरी दोन-अडीच वर्षं औषध कशाला?"

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच मुलं हातची जातात. ढोबळ हिशेब बघा. निदानाच्या दिवशी मुलाच्या अंगात साधारण एक लाख कोटी ब्लास्ट असतात. महिन्याभराने मायक्रोस्कोपखाली मॅरो स्वच्छ दिसली तरी हजार कोटींपर्यंत उरलेले असू शकतात. एमआरडीही निगेटिव्ह आली, तरी दहा कोटींपर्यंत पेशी यंत्राच्या नजरेखालून सुटू शकतात. त्यांतल्या बऱ्याच झोपलेल्या असतात, दुभागत नाहीत, म्हणून औषध त्यांना पकडू शकत नाही. त्या जाग्या होतील तेव्हा औषध रक्तात हवं. रोजची ६-एमपीची (मर्कॅप्टोप्युरिन या केमोच्या औषधाची) गोळी आणि आठवड्याची मेथोट्रेक्सेट त्यासाठीच असते.

या काळात मूल अगदी ठणठणीत दिसतं. शाळेत जातं, गल्लीत क्रिकेट खेळतं. घरच्यांना वाटतं, पोरगं बरं झालं, कशाला कडू गोळ्या? शिवाय दर खेपेला बसभाडं, एका दिवसाची मजुरी. उपचार अर्ध्यात सुटतात ते असे. श्रीमंत देशांत एएलएलची साधारण ९० टक्के मुलं बरी होतात. आपण तिथवर पोचलेलो नाही, आणि त्याचं कारण आपल्या मुलांच्या ब्लास्ट अधिक चिवट आहेत एवढंच नाही. उशिरा निदान, उपचारादरम्यानचे जंतुसंसर्ग आणि मधेच सुटलेले उपचार यांचा त्यात मोठा वाटा आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढायची घोषणा झाली, २०२५-२६ मध्ये त्यांतली २००. खरगोनच्या मुलाला व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन खरगोनलाच मिळालं, तर कुठल्याही नव्या मार्करपेक्षा त्याने जास्त मुलं वाचतील असं मला मनापासून वाटतं.

"पेशी मरतायत, तर तब्येत का बिघडली?"

पहिल्या काही दिवसांत असं होऊ शकतं. एका रात्रीत सगळी गल्ली उतरवली तर मलबा उचलायला गाड्या कमी पडणारच. हजारो कोटी पेशी एकदम मेल्या की त्यांतलं पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक अॅसिड रक्तात उतरतं, कॅल्शियम खाली जातं, आणि किडनीवर ताण येतो. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. म्हणून आधीपासून सलाइन भरपूर चालवतात, अॅलोप्युरिनॉल देतात, गरज पडली तर रॅस्ब्युरिकेज, आणि दिवसातून अनेकदा रक्त काढतात. "पोराचं रक्तच काढत बसतात" अशी तक्रार आजी-आजोबा करतात. त्यांना सांगा, ते रक्त किडनी सांभाळण्यासाठी काढलं जातंय. लघवी किती झाली हे नर्स विचारते, तेही त्यासाठीच. मोजून ठेवत जा.

"हळदीने कॅन्सरच्या पेशी मरतात, असं वाचलंय"

काचेच्या ताटलीत मरतात, हे खरं आहे. हळदीतल्या कर्क्युमिनने प्रयोगशाळेत अपॉप्टोसिस सुरू झाल्याचे पुष्कळ अभ्यास आहेत. पण ताटलीत जेवढं कर्क्युमिन ओततात त्याच्या आसपासही रक्तात पोचत नाही, कारण आतडं ते फारसं शोषत नाही. भाजीतली हळद खुशाल खाऊ द्या. कॅप्सूल, काढे, कोणी दिलेल्या पुड्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मेथोट्रेक्सेट आणि ६-एमपी दोन्हींचा भार यकृतावर असतो. त्यात आणखी काही अज्ञात पडलं आणि यकृत बिघडलं, की खरं औषध थांबवावं लागतं.

स्थगिती उठवणारी औषधं

व्हेनेटोक्लॅक्स हे औषध थेट बीसीएल-२ ला पकडतं. अमेरिकेत २०१६ साली मोठ्यांच्या एका ल्युकेमियासाठी त्याला मान्यता मिळाली. मुलांच्या एएलएलमध्ये त्याचा वापर अजून मुख्यतः परत उलटलेल्या आजारात आणि चाचण्यांमध्ये आहे. पहिल्या खेपेच्या मुलाला ते 'मागून घ्यायचं' औषध नाही.

ब्लिनाटुमोमॅबची वाट वेगळी. त्याचं एक टोक ब्लास्टला धरतं, दुसरं मुलाच्याच टी-पेशीला, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या एका पांढऱ्या पेशीला. टी-पेशी मग ब्लास्टमध्ये विकरं सोडते आणि आतले कॅस्पेस जागे करते. म्हणजे बाहेरून येऊनही शेवटी पाडकाम तेच! डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्टँडर्ड रिस्क, म्हणजे सर्वसाधारण धोक्याच्या, गटातल्या मुलांना केमोसोबत हे दिल्यावर तीन वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण ८७.९ वरून ९६ टक्क्यांवर गेलं. औषध फार महाग आहे, आणि २८ दिवस अखंड चालवावं लागतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या देशी कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देतात) २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती १५ वर्षांवरच्या, आजार उलटलेल्या रुग्णांसाठी.

"मार्करची टेस्ट बाहेरून करून घेऊ का?"

खिडकीशी येणारा शेवटचा प्रश्न बहुतेक हाच असतो, आणि विचारणाऱ्याच्या खिशात तेव्हा उसने आणलेले पैसे असतात. मी सांगते: डॉक्टरांना एवढंच विचारा, या रिपोर्टाने माझ्या मुलाचं औषध बदलणार आहे का? उत्तर 'नाही' असेल तर पैसे राखून ठेवा. गुणसूत्रांची तपासणी आणि एमआरडी यांच्यासाठी मात्र मागेपुढे पाहू नका, आणि आयुष्मान कार्डात किंवा संस्थेच्या मदतीत त्या बसतात का हे समाजसेवकांकडे आधी विचारा.

एमआरडीसाठी मॅरो काढताना सुईतून येणारा पहिला ओढा सर्वांत मोलाचा. नंतरच्या ओढ्यांत साधं रक्त मिसळतं, नमुना पातळ होतो आणि उरलेला आजार आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून आमच्याकडे पहिली नळी एमआरडीची, मग बाकीच्या. नळी निघाली की ती त्याच दिवशी लॅबकडे रवाना होते आहे ना, ते पाहा. रिपोर्ट आला की त्यावरची टक्केवारी आणि तो उपचाराच्या कितव्या दिवसाचा आहे, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. उद्या अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला टाटाला जायची वेळ आली, तर तिथले डॉक्टर आधी तेच विचारतील.